शास्त्रज्ञ आणि उद्योजक मिळून खेड्यातल्या माणसाच्या उपयोगाचं खरंच काही करतात का?

बायोटेक्नॉलॉजीतलं संशोधन नुसतं पेपर आणि पुरस्कारांपुरतं राहतं की गावाकडच्या माणसाच्या हाताला काही लागतं, आणि या क्षेत्रात स्टार्टअप काढावं का, असं तुम्ही विचारलंय. स्टार्टअपचं नंतर बोलते. हाताला लागतं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण आमच्या वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या मेंढरांच्या तळावर, ते संशोधन चार पायांनी चालत आलं.

आम्ही फलटणकडचे धनगर. आमची दख्खनी मेंढी काटक, पण एका वेताला बहुतेक वेळा एकच कोकरू देते. वर्षभर राखायचं, रानोमाळ हिंडवायचं आणि विकायला एक कोकरू. बंगालच्या सुंदरबनात मात्र गरोळ नावाची मेंढी आहे, अंगाने अगदी बारकी, पण दोन-दोन, तीन-तीन पिल्लं घालते. तिच्यातलं एक जनुक, ज्याला फेकबी म्हणतात, ते यामागे आहे. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत हेच जनुक आहे, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांबरोबर ते तिकडे पोहोचलं असं मानतात. म्हणजे तिकडे ज्याचा एवढा बोलबाला झाला तो माल मुळात इकडचाच!

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली काढली. बियाण्यांच्या धंद्यातला माणूस. त्या संस्थेने गरोळचं हे जनुक दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांत आणलं. पहिल्या संकरातली पिल्लं लहानखुरी, म्हणून पुन्हा पुन्हा मोठ्या जातीशी संकर करून अंगलोट परत मिळवावी लागली, आणि प्रत्येक पिढीत जनुक टिकलंय की गळलंय हे बघावं लागलं. पूर्वी ते कळायला मेंढी विण्याची वाट बघायची, मेंढ्याच्या बाबतीत तर त्याच्या लेकी विण्याची. २००१ साली त्या जनुकातला नेमका बदल सापडला. मग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीने रक्ताच्या तपासणीवर काम होऊ लागलं. कोकरू जन्मलं की रक्त घ्या, कळलं. या सगळ्यातून जी मेंढी तयार झाली तिचं नाव नारी सुवर्णा.

यातली खरी हुशारी मेंढ्यात आहे. जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक बापाकडची) असलेला मेंढा खांडव्यात, म्हणजे कळपात, सोडला की त्याच्या प्रत्येक लेकीत एक प्रत उतरतेच, आणि एक प्रत असलेली मेंढी बऱ्याचदा जुळं देते. धनगराला प्रयोगशाळा बघायचीही गरज नाही.

आता आमच्या घरातलं भांडण. आईने असा मेंढा आणायचा ठरवला तेव्हा माझे चुलते, तात्या, पेटून उठले. त्यांचा जीव माडग्याळ जातीच्या मेंढीवर. उंच, बाकदार नाकाचं एकच कोकरू, पण बाजारात चार माणसं वळून बघतात. "वयनी, दोन मरतुकडी घिऊन काय करायचंय? मेंढीला दूध कुठनं यायचं?" आई म्हणाली, "मग देवानं सडं दोन कशाला दिल्यात?" तात्या त्यावर गप्प बसले, पण वर्षानुवर्षं पाहुण्यांसमोर "आमची वयनी सायंटिस्ट हाय" म्हणत राहिले, आणि ते कौतुकाने नव्हे.

जुळं वाचवणं हे काम आहे आणि ते काम आईने केलं. मेंढी व्याली की पहिलं कोकरू चाटत बसते आणि दुसऱ्याला डोक्याने ढकलते. आई तिघांनाही वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, कोपऱ्यात वेगळं कोंडायची. अशक्त कोकराच्या तोंडात सड धरून चीक पिळायची, त्याच्या घशाचा घोट हलला की मगच उठायची. रात्री त्याला डालग्याखाली झाकायची. जुळ्याच्या आईला शेंगदाण्याची पेंड आणि मक्याचा भरडा जास्तीचा. लोणंदच्या बाजारात एका मेंढीची दोन कोकरं मिळून तात्यांच्या एका देखण्या कोकरापेक्षा जास्त पैसे आणायची, पेंडीचा खर्च वजा करूनसुद्धा. तात्यांनी तो हिशोब कधीच मांडला नाही, कारण त्यांच्या लेखी बाईची मेहनत आणि बाईचा हिशोब दोन्ही धरायचे नसतात.

म्हणून कोणी "शास्त्रज्ञांनी शेतकऱ्याचं उत्पन्न वाढवलं" असं लिहिलं की मला राग येतो. शास्त्रज्ञांनी दुसरं कोकरू पोटात आणून दिलं. ते जगवलं वाड्यावरच्या बायांनी. फलटणच्या संस्थेतल्या लोकांना हे ठाऊक होतं असं मी म्हणेन, कारण मेंढीला दूध वाढावं म्हणून त्यांनी इस्रायलच्या दुधाळ अवासी मेंढीचं रक्तही या जातीत आणलं. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी जनुक सापडलं, पेपर छापला, काम संपलं.

तुमच्या स्टार्टअपचं: काढा, पण वाड्यावर एक विणीचा हंगाम राहून मग काढा. आम्हाला मेंढरं मोजणारं ॲप नको, मेंढरं आम्हाला तोंडावरून ओळखू येतात. आईला हवी होती कोकरांसाठी स्वस्त दूधभुकटी, लहान पुड्यांत, पाण्यात पटकन विरघळणारी, उन्हात न बिघडणारी. रक्ताची तपासणी वाड्याजवळ करून देणारं कोणी असतं तर तेही चाललं असतं. यावर काम करा, गिऱ्हाईक मी आणून देते.

हेही सांगायला हवं की जुळी सगळ्यांना झेपत नाहीत. जो वाडा आठ महिने चालतीवर, म्हणजे चाऱ्यासाठी भटकत, असतो, ज्याच्याकडे पेंडीला पैसा नाही, त्याने दुष्काळी सालात या फंदात पडू नये. जुळी वजनाला कमी भरतात आणि दगावतातही जास्त. तात्यांचं तेवढं म्हणणं मला मान्य आहे, आणि माडग्याळ चांगलीच मेंढी आहे. शिवाय घरच्या साध्या मेंढ्याकडून पुढची पैदास केली की निम्म्या लेकींत जनुक उतरत नाही, म्हणून मेंढा बदलताना लक्ष ठेवावं लागतं. आमच्या एका नातलगाला बाजारात एका व्यापाऱ्याने "जुळ्याचा मेंढा" म्हणून साधा मेंढा दुप्पट भावाने गळ्यात मारला. तो कळायला लेकी विण्यापर्यंत थांबावं लागलं. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कोणी घेणार असेल तर रक्ततपासणीचा कागद आणि मेंढ्याच्या कानातला बिल्ला ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.