गाइडचं नाव द्यायचंय, पण पत्रात लिहू काय?

प्रश्न: ताई, मी अमेरिकेत कम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करतेय, चौथं वर्ष. आमच्या डिपार्टमेंटने मेंटॉरिंग अवॉर्डसाठी नावं मागवलीत आणि लॅबमधल्या आम्ही चौघांनी आमच्या गाइड मॅडमचं नाव द्यायचं ठरवलंय. पत्र माझ्या गळ्यात पडलंय, पण दोन ओळी झाल्या की सगळं गुळमुळीत वाटतं, खूप सपोर्टिव्ह, खूप प्रेरणादायी वगैरे. त्यात एक लॅबमेट म्हणतो, टेन्युअर (प्राध्यापकाची कायमची नोकरी) तर पेपर बघूनच देतात, असल्या अवॉर्डने होतं काय?

उत्तर: लॅबमेट अगदीच चुकीचं बोलत नाहीये गं. विद्यार्थ्यांना सांभाळण्यात जो वेळ जातो तो सीव्हीत कुठे दिसत नाही, आणि डिपार्टमेंटमध्ये बायका मोजक्याच असल्या की प्रत्येक कमिटीत त्यांनाच बसवतात आणि अडलेली प्रत्येक मुलगीही त्यांचंच दार वाजवते. नुसती अवॉर्डची पाटी हातात देऊन हे ओझं हलकं होत नाही हे खरंच. पण निदान ते काम कागदावर तरी येतं, आणि प्रमोशनच्या फाइलमध्ये कागदच लागतो ना!

आणि हे काही आजचं खूळ नाही. तिकडच्या कम्प्युटिंग रिसर्च असोसिएशनचा निको हाबरमान यांच्या नावाचा अवॉर्ड आहेच, या क्षेत्रात ज्यांचं प्रमाण कमी आहे त्यांना पुढे आणणाऱ्यांसाठी. हाबरमान म्हणजे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कम्प्युटर सायन्स स्कूलचे पहिले डीन. याच संस्थेचा स्किप एलिस यांच्या नावानेही एक अवॉर्ड आहे, कम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन, इलिनॉय विद्यापीठ, १९६९.

आता पत्र. विशेषणं सगळी काढून टाक आणि प्रसंग लिही. क्वालिफायरमध्ये (म्हणजे पीएचडीच्या पात्रता परीक्षेत) कोणी आपटलं तेव्हा मॅडमनी नेमकं काय केलं, पेपर रिजेक्ट झाल्यावर रिव्ह्यू घेऊन सोबत बसल्या की नुसतं "होतं असं" म्हणाल्या, कॉन्फरन्सला तुला कोणाशी ओळख करून दिली, पेपरवर पहिलं नाव (फर्स्ट ऑथर) कोणाचं यावरून वाद झाला तेव्हा कोणाची बाजू घेतली. (दुसऱ्याचा किस्सा असेल तर आधी त्याला विचार हं, नापास झालेलं सगळ्यांना कळावं असं कोणाला वाटेल?)

डायव्हर्सिटीबद्दल लिहिताना लॅबच्या फोटोत किती मुली आहेत ते नको सांगूस. किती जणी डिग्री घेऊन बाहेर पडल्या, आज कुठे आहेत आणि मधेच सोडून गेलेल्यांशी मॅडम कशा वागल्या हे लिही, मला तरी हा शेवटचा मुद्दाच सगळ्यात बोलका वाटतो.

अजून एक, पास होऊन गेलेल्या एखाद्याचं पत्र नक्की जोड. तुम्ही चौघं अजून त्यांच्याच हाताखाली आहात, त्यामुळे तुमचं कौतुक कमिटी थोडं वजा करूनच वाचणार. आणि मॅडमना अंधारात ठेवून हे करू नकोस, सीव्ही आणि आजवरच्या विद्यार्थ्यांची यादी त्यांच्याकडूनच मागावी लागेल.