वही आधी, मेळावा मागून

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. यवतमाळ आणि लगतच्या जिल्ह्यांतून तडीपार केल्यावर तू गोंदियात खोली घेतलीस, हे बरं केलंस. तुझ्यासारखेच आणखी काही कार्यकर्ते इकडे आहेत, त्यांची संघटना बांधायची म्हणतोस. नाव काय ठेवावं, पहिला मेळावा कुठे घ्यावा, असं विचारलंस. ते मागाहून बघू.

आधी हे सांग, तुमच्या घरी या पावसाळ्यात डवरणी कोण करणार? कार्यकर्त्याला जिल्ह्याबाहेर काढलं की निषेधाची पत्रकं निघतात, पेपरात फोटो येतो. तिकडे घरी म्हातारा बाप एकटा, बैलजोडी भाड्याची, मजूर मिळत नाही आणि तण कपाशीच्या वर गेलेलं. पीककर्जाचं नवं-जुनं करायला बायको बँकेत गेली तर सातबारा नवऱ्याच्या नावावर, सही त्याचीच पाहिजे, आणि त्याला तर तालुक्यात पाय ठेवायची बंदी. पोलिसांच्या धाकाने खचलेले कार्यकर्ते मी थोडेच पाहिले. "औंदा अर्धं वावर पडीतच राहिलं" असा घरून फोन आल्यावर रात्रभर जागे राहिलेले पुष्कळ पाहिले.

म्हणून एक वही घे. एकेका घराला एक पान. शेती किती, पीक कोणतं, कोणत्या महिन्यात किती माणसं लागतात, कर्ज कुठलं, पोरं कितवीत, औषधं कोणाची चालू आहेत. आणि त्याच पानावर गावातल्या एका माणसाचं नाव, ज्याने "मी बघतो" असं स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. ज्या पानावर असं नाव नसेल, त्या घरासाठी तुमची पहिली बैठक. पोलिसांपासून लपवावं असं या वहीत एक अक्षरही नको. कोणी मागितली तर उघडून दाखवता आली पाहिजे.

अर्जुनी मोरगावकडे आलास तर गोठणगावची तिबेटी वसाहत बघून घे. दलाई लामांनी १९५९ साली तिबेट सोडलं, त्यांच्या मागोमाग हजारो माणसं भारतात आली. त्यांतल्या काहींची वसाहत १९७२ मध्ये इथे, आपल्या धानाच्या मुलखात वसली. थंड पठारावरच्या माणसांनी आमचा मे महिना कसा सोसला असेल, याचं मला अजून नवल वाटतं. पण तुला सांगायचं ते त्यांच्या हिरव्या पुस्तिकेबद्दल. परागंदा तिबेटी माणूस कुठल्याही देशात असो, धरमशालेतल्या आपल्या प्रशासनाला दरवर्षी ठरलेली वर्गणी देतो आणि तिची नोंद त्या पुस्तिकेत होते. देश हातात नाही, तरी आपल्या लोकांचं काही देणं लागतो, याचा लेखी पुरावा प्रत्येकाच्या घरात. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

तुम्हीही वर्गणी ठेवा, महिन्याला दहा रुपये का असेना, आणि ती सगळ्यांकडून घ्या. ज्याची फार ओढाताण आहे त्यालाही त्यातून वगळू नका. वर्गणी भरणारा माणूस अडचणीत हक्काने मागतो. न भरणारा संकोचाने गप्प बसतो आणि एक दिवस दिसेनासा होतो. पैसे दोघांच्या सहीने निघावेत, हिशेब दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचावा. आणि मदत देताना झेंडा विचारू नका. निळा, लाल, वनहक्कवाला, कापसाच्या भावासाठी रस्ता अडवणारा, सगळ्यांची पानं एकाच वहीत. वाद घाला, कडाडून घाला, पण वर्गणीच्या दिवशी नको.

दुसरं, आपल्या आपल्यातच बसू नका. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे अमेरिकेत, इंग्रजी राज्य उलथवू पाहणाऱ्या गदर चळवळीच्या पहिल्या फळीत होते. इंग्रजांनी परतीची वाट बंद केल्यावर ते मेक्सिकोत गेले, तेव्हा कामी आले ते अमेरिकेत असताना जोडलेले मेक्सिकन मित्र. पुढे चापिंगोच्या शेतकी विद्यालयात ते शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी मोठं काम केलं. ज्या मातीत जाऊन पडले तिथल्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडले. तुला कपाशी कळते, धान कळत नाही. रोवणी सुरू आहे. ज्याच्या घरी भाड्याने राहतोस त्याच्या धानाच्या बांधीत उतर, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं कशी उपटतात, पेंढी कशी बांधतात ते शिकून घे. पहिल्या दिवशी कंबर धरेल आणि बाया हसतील, हसू दे. रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर हीच माणसं धावून येतील, यवतमाळचा मोर्चा येणार नाही.

आता घाईचं. तुझा आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खालचा आहे. त्यावर ३० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, आणि तुझे बरेच दिवस निघून गेलेत. मुदत पुरी दोन वर्षांची, म्हणजे कायद्यात आहे तेवढी सगळीच घातलीय. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने जालना जिल्ह्यातला एक तडीपारीचा आदेश रद्द केला, तेव्हा पूर्ण दोन वर्षं का, याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत असं म्हटलं होतं. तुझ्या आदेशात ती आहेत का, हे वकिलाला पहिल्यांदा बघायला सांग. बँकेतल्या सहीसाठी तात्पुरत्या प्रवेशाची परवानगी मागता येते. अर्ज लेखी कर, पोच घे. परवानगीशिवाय मात्र एका रात्रीसाठीही जाऊ नकोस. आई आजारी असली तरी आधी अर्ज. हद्दीत सापडलास तर नवा गुन्हा, तुरुंग, आणि घरचं पान आणखी जड.

मूळ नोटीस, तू दिलेलं उत्तर आणि आदेश, तिन्हींच्या दोन-दोन झेरॉक्स काढ आणि सोमवारी सकाळच्या गाडीने अर्जुनीला ये. वकिलांशी बोलून ठेवलंय. बाकीच्यांचे कागदही सोबत आण, आणि वही कोरी असली तरी आण.

तुझा,
काका