नसबंदी केव्हा करावी, कोणाची करावी : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर कुत्री आठ महिन्यांची असून अजून माजावर आलेली नाही. एका डॉक्टरांनी पहिल्या माजापूर्वीच नसबंदी करून घ्या असे सांगितले, तर दुसऱ्यांनी थांबायला सांगितले. सासूबाईंचे म्हणणे असे, की मादीला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, नाही तर तिची प्रकृती बिघडते. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सासूबाईंचा मुद्दा आधी घेतो, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरात निघतो आणि त्यामागे माया असते. तथापि, एकदा व्याल्याने कुत्रीचे आरोग्य सुधारते किंवा तिचा स्वभाव निवळतो, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. उलट, जिची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नाही अशा मादीवर गर्भारपणाचा आणि सात-आठ पिल्लांना पाजण्याचा भार पडतो, आणि त्या पिल्लांना चांगली घरे शोधून देण्याचे काम आपल्याकडे येते. पिल्लू न्यायला तयार असलेले नातेवाईक पिल्ले जन्मण्यापूर्वी जितके असतात, तितके नंतर उरत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

आता दोन डॉक्टरांविषयी. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ते दोन वेगळ्या धोक्यांकडे पाहत आहेत. पहिल्या माजापूर्वी नसबंदी केल्यास पुढे स्तनांत गाठी होण्याची शक्यता फारच कमी होते आणि नंतरच्या माजागणिक हा लाभ घटत जातो, असे १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. त्यातील आकड्यांच्या भक्कमपणाविषयी अलीकडे शंका घेतल्या गेल्या आहेत, पण लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने हा धोका कमी होतो, हे बहुतेक पशुवैद्य आजही मानतात. दुसऱ्या बाजूने पाहता, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण व्हायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. ही वाढ वेळेवर थांबवण्यात अंडाशयातील संप्रेरकांचा हात असतो. नसबंदीत अंडाशयच काढले जात असल्याने ही संप्रेरके अकाली नाहीशी झाली तर हाडे थोडी अधिक लांबतात, आणि या जातींत सांध्यांची दुखणी वाढल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. मोठ्या जातीच्या काही माद्यांना नसबंदीनंतर काही काळाने झोपेत नकळत लघवी होण्याचा त्रासही होतो. तो बहुधा औषधाने आटोक्यात येतो.

माझे मत विचाराल, तर आपल्या कुत्रीचा पहिला माज होऊ द्यावा आणि त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया करून घ्यावी. ऐन माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, आणि माज संपल्यावर काही माद्यांना खोटे गर्भारपण येऊन दूधही उतरते; हे दोन्ही काळ टाळलेले बरे. मात्र या सल्ल्याला एक अट आहे. माजाचे साधारण तीन आठवडे तिला काटेकोरपणे सांभाळता आले पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात रक्तस्राव फिका आणि कमी होतो, तेव्हा माज संपला असे समजून लोक निर्धास्त होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मादी नराला जवळ येऊ देते. त्या काळात रंकाळ्यावर फिरायला नेणे पूर्ण बंद ठेवावे आणि अंगणातही तिला एकटी सोडू नये. घरात सतत कोणी नसेल, फाटक उघडे राहत असेल, तर पहिल्या डॉक्टरांचा सल्ला मानून आताच नसबंदी करावी, असे मी म्हणेन.

‘पुढे पाहू’ म्हणत पाच-सहा वर्षे मात्र घालवू नयेत. वयस्क, नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू साठण्याचा आजार नेहमी आढळतो. माज होऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांत ती मरगळते, खाणे सोडते, पाणी मात्र घटाघट पिते, उलट्या करते. कधी घाण वासाचा स्राव दिसतो, तर कधी गर्भाशयाचे तोंड बंद असल्याने बाहेर काहीच दिसत नाही, आणि हा दुसरा प्रकार अधिक घातक असतो. मग जी शस्त्रक्रिया निरोगी जनावरावर सवडीने करता आली असती, तीच विषबाधेने खंगलेल्या जनावरावर तातडीने करावी लागते.

प्रश्न : आमच्या मांजरीची पिल्ले दोन महिन्यांची झाली आहेत. ती अजून कधीकधी दूध पितात. तिची नसबंदी केव्हा करावी, आणि आदल्या दिवशी व नंतर काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : तिला आजपासूनच घरात कोंडावे, कारण पिल्ले दूध पीत असली तरी मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. मांजरीत बीज सुटते तेच मुळी बोक्याशी संबंध आल्यावर, त्यामुळे संधी सहसा वाया जात नाही. पुढे जेमतेम नऊ आठवड्यांत नवी पिल्ले हजर. पिल्लांचे दूध आता तोडावे आणि तिची कास आटली, की साधारण दोन आठवड्यांनी शस्त्रक्रिया करावी. ती आधीच गाभण असण्याची शंका असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी, आणि तसे निघाल्यास पुढे काय करायचे, हे भूल देण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पिल्ले चार-पाच महिन्यांची झाली की त्यांचीही नसबंदी करावी. भाऊ-बहीण हे नाते मांजरे पाळत नाहीत.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री दहानंतर मोठ्या मांजरीला खायला देऊ नये, पाणी सकाळपर्यंत चालते. लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नये, त्यांच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. त्यांची वेळ डॉक्टरांना विचारावी. नेताना झाकणाची टोपली किंवा पिंजरा वापरावा. बाजाराच्या पिशवीतून निघालेले मांजर दवाखान्याच्या दारातून पळते आणि मग सगळा दिवस शोधण्यात जातो.

घरी आणल्यावर तिला उबदार, कोरड्या खोलीत जमिनीवरच ठेवावे, कारण भुलीच्या गुंगीत ती कपाटावर चढू पाहते. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी रुंद कॉलर घालावी. ती पाहवत नाही म्हणून रात्री काढणाऱ्यांचेच जनावर सकाळी उसवलेल्या टाक्यांनिशी परत येते. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर अंघोळ नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात अंथरूण दमट राहते, म्हणून ते रोज बदलावे. जखमेतून रक्त किंवा पू येत असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा दुसऱ्या दिवशीही ती काही खात नसेल, तर लगेच दाखवावे. आणि वेदना होत आहेत असे वाटून घरातील पॅरासिटामॉल अजिबात देऊ नये. माणसाची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

प्रश्न : आमच्या शेतावर राखणीला कारवान जातीचा दोन वर्षांचा कुत्रा आहे. माजावरच्या कुत्रीमागे तो दोन-दोन दिवस बेपत्ता होतो. नसबंदी केली तर तो राखण सोडेल का?
— एक शेतकरी, पन्हाळा तालुका

उत्तर : भटकणे बहुधा कमी होईल, राखण जाणार नाही. अनोळखी माणसावर भुंकणे हे जात, शिकवण आणि सवय यांतून येते. जो कुत्रा मुळातच भित्रा आहे, त्याच्या बाबतीत मात्र मी थोडा सावध असतो, कारण नसबंदीने भीती जात नाही, काहींची वाढल्याचेही दिसते. शस्त्रक्रियेनंतरही महिना-दीड महिना त्याच्यापासून पिल्ले होऊ शकतात, हे लक्षात ठेवावे.

आपल्या बाबतीत दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. पहिली, त्याची जात. कारवान, पश्मी यांसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या अंगात चरबी अगदी कमी असते, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधाचा अंमल त्यांच्यावर फार वेळ राहू शकतो; आज त्याऐवजी वापरता येणारी औषधे आहेत. दुसरी, गोचीड. शेतावरच्या कुत्र्याला गोचिडाचा ताप अंगात मुरलेला असू शकतो आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून आधी रक्त तपासल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नये. त्यापुढे त्याची भूक तीच राहील, पण गरज साधारण पाव हिश्श्याने घटेल, तेव्हा भाकरी मोजून घालावी. रविवारचा उरलेला तांबडा-पांढरा रस्सा त्याला एरवीही देऊ नये. त्यातील कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो.

प्रश्न : गल्लीतील कुत्र्यांची नसबंदी कोणी करायची? पकडून नेलेली कुत्री परत का सोडतात?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणजे शहरात महापालिकेची आहे, आणि पाळीव जनावराची त्याच्या मालकाची. नसबंदी आणि रेबीजची लस झालेली कुत्री त्याच जागी सोडण्याचे कारण असे, की जागा मोकळी झाली तर तिथे लस न टोचलेली, वीण चालू असलेली नवी कुत्री शिरतात. आपल्या गल्लीतील एखाद्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच दिसली, तर त्याची नसबंदी झालेली आहे असे समजावे. खाच नसलेल्यांची नोंद महापालिकेकडे लेखी द्यावी.