जाई पाणी किती पिते?

काकूंचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. मागे बाळ रडत होतं आणि काकूही रडकुंडीला आल्या होत्या. "ताई, आज परत दाराशी तळं केलंय हिनं. सात वर्षांत एकदा घरात शू केली नव्हती. नात आली आणि हे सुरू झालं. हेव्यानं करते, दुसरं काही नाही. काका म्हणतात, गावाकडे कुणाला तरी देऊन टाकू."

घर ठाण्याचं, दुसऱ्या मजल्यावरचं. लॅब्राडोर मादी, नसबंदी झालेली, वजन २८ किलो. घरच्यांनी लिहायला होकार दिलाय, पण नाव बदललंय. इथे तिला जाई म्हणते.

कुत्र्यांच्या वागणुकीच्या तक्रारी घेऊन लोक माझ्याकडे येतात, त्यात ही फार वेळा येते: शिकलेलं, मोठं झालेलं कुत्रं अचानक घरात शू करायला लागलं. आणि बहुतेक घरांत कारण आधीच ठरलेलं असतं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली म्हणून, घर बदललं म्हणून, बाळ आलं म्हणून कुत्रं सूड उगवतंय. म्हणून पहिल्या फोनवर मी स्वभावाबद्दल बोलतच नाही. थारोळं केवढं असतं, कुठे असतं, उठून जाऊन करते की झोपेत होते आणि पाणी किती पिते, एवढंच विचारते.

काकू म्हणाल्या, "अख्खं पायपुसणं भिजतं. रंग अगदी फिकट, पाण्यासारखा. झोपेत नाही करत, आधी नखांची टकटक ऐकू येते दारापर्यंत. पाणी पिते नेहमीसारखं. रात्री तर आम्ही भांडं उचलूनच ठेवतो आता."

भांडं आधी खाली ठेवा, असं मी तिथल्या तिथे सांगितलं. लघवी जास्त होते म्हणून पाणी तोडणं धोक्याचं आहे. मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नसतील, तर वरून मिळणारं पाणी हाच त्या जिवाचा आधार असतो. आणि दारापर्यंत चालत जाऊन थांबणारी कुत्री हेवा करत नसते, ती बाहेर न्या म्हणत असते. घर झोपलेलं असतं, इतकंच.

मग दोन दिवस पाणी मोजायला सांगितलं. सोपं आहे. सकाळी मापानं भरायचं, दिवसभरात घातलेलं लिहायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं, आणि न्हाणीघराचं दार बंद ठेवायचं, कारण बादलीतलं पाणी हिशेबात येत नाही. निरोगी कुत्रं साधारण किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली पाणी पितं. उकाड्यात, फिरून आल्यावर थोडं जास्त. किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं की डॉक्टरांकडे जायचं. जाईसाठी दीड लिटरच्या आसपास ठीक होतं आणि २.८ लिटर ही धोक्याची रेघ. तिसऱ्या दिवशी काकूंनी दुधाच्या हिशेबाच्या वहीचा फोटो पाठवला. गवळ्याच्या खाड्यांखाली लिहिलं होतं: जाई, ३ लिटर ४००. दुसऱ्या दिवशी साडेतीनच्या वर.

त्याच संध्याकाळी मी घरी गेले. जाई शेपटी हलवत आली, पण जीभ बाहेर काढून धापा टाकत होती, पंखा चालू असताना. सूनबाई म्हणाल्या, "हल्ली हावरीही झालीय. ओट्यावरच्या पोळ्या पळवते. बाळाकडे लक्ष दिलं की मुद्दाम करते." तहान, भूक, धाप. तिन्ही गोष्टी घरच्यांना दिसत होत्या, पण हेवा हे उत्तर हाताशी असल्यामुळे त्या एकत्र जोडल्या गेल्या नव्हत्या.

मी विचारलं, "हिला कसली औषधं चालू आहेत?"

"छे. फक्त ती खाजेची गोळी."

फ्रिजवरच्या टोपलीतून गोळ्यांची पाकिटं निघाली. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. पावसाळा सुरू होताच जाईचे पंजे आणि पोट खाजायला लागलं होतं. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळी दिली, खाज थांबली. गोळी संपली, खाज परत आली. घरात बाळंतीण आणि बाळ, दवाखान्यात जायला सवड कुणाला? काका औषधाच्या दुकानातून तीच गोळी आणत राहिले. दोन महिने झाले होते. बाळ घरी आलं तेही त्याच पावसात, म्हणून दोष बाळाच्या नावावर गेला.

हे औषध वाईट नाही. नीट वापरलं तर खाजेनं हैराण झालेल्या कुत्र्याला झोप मिळते. पण त्यानं मूत्रपिंडांची पाणी राखायची ताकद कमी होते, लघवी वाढते, आणि ती भरून काढायला तहान वाढते. भूक आणि धाप हेही त्याचेच परिणाम. हे ऐकून काका म्हणाले, "मग आजपासून बंद." मी त्यांना थांबवलं. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं तयार करणं जवळजवळ थांबवतं. एकदम बंद केलं तर कुत्रं कोलमडू शकतं. डोस कमी कसा करायचा हे डॉक्टरच ठरवतात, मी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी तपासायला न्यायची होती. लांब दांड्याचा जुना डाव धुऊन, कोरडा करून घ्यायचा, ती बसली की मागून अलगद खाली सरकवायचा, मग स्वच्छ डबीत ओतून तासा-दोन तासांत पोचवायचं. काकूंना पहिल्याच प्रयत्नात जमलं. लघवीत जंतुसंसर्ग नव्हता, साखर नव्हती. स्टेरॉइडवर असलेल्या कुत्र्याच्या मूत्राशयात संसर्ग लपलेला असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी कल्चरही केलं, म्हणजे लघवीतले जंतू वाढतात का ते प्रयोगशाळेत बघितलं. तेही स्वच्छ आलं. खाजेचं औषध बदललं, गोळी हळूहळू उतरवली. तीन आठवड्यांनी वहीत आकडा होता १ लिटर ६००.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण घरात शू होतच राहिली. आता थारोळं छोटं, आणि जागा बदललेली: सोफ्याच्या मागे. वीस मिनिटं फिरून यायची आणि वर आल्यावर मागे जाऊन बसायची. काकांचा संताप मला समजत होता. मी एवढंच विचारलं, "त्या दोन महिन्यांत काय केलंत, खरं सांगा."

काका गप्प बसले. मग म्हणाले, नाक दोनदा घासलं होतं. वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारलंही होतं.

यातून जाई काय शिकली? घरात शू करायची नाही, हे नाही. माणसासमोर शू केली की मार बसतो, हे. मग पट्टा काकांच्या हातात असताना ती खाली बसणार कशी? ती धरून ठेवायची आणि कुणी बघत नाही अशी जागा शोधायची. "पण तिला कळतं की ताई, कान पाडून बसते!" असं मला सगळेच सांगतात. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हेच तपासलं. अपराधी वाटणारा तो चेहरा कुत्र्यानं चूक केली होती की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की दिसत होता. कान पाडणं म्हणजे तुमच्या आवाजाची भीती. ते दिसलं की मला त्या जिवाची फार कीव येते.

मग काम सुरू झालं, आणि ते मुख्यतः काकांचं होतं. पिल्लासारखं पहिल्यापासून: उठल्यावर, जेवल्यावर, झोपायच्या आधी खाली. लांब पट्टा, पाठ अर्धवट वळवलेली, फोन खिशात. शू पूर्ण झाली की हळू आवाजात "शाब्बास" आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा, तिथेच, वर आल्यावर नाही. घरी चुकून झाली तर एक शब्द न बोलता पुसायचं.

पुसण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. फिनेलनं आपल्या नाकाचं समाधान होतं, कुत्र्याचं नाही. लघवीचा वास तिला तरीही येतो आणि जागा ओळखीची राहते. शिवाय ओल्या लादीवरून चालून पंजे चाटले की ते पोटात जातं. अमोनियाचा वास असलेली द्रावणं तर नकोतच. आधी जुन्या कापडानं पूर्ण टिपून घ्यायचं, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर ओतून पाकिटावर लिहिलं असेल तेवढा वेळ राहू द्यायचं. दाराशी असलेलं काथ्याचं पायपुसणं मी सरळ फेकायला लावलं. सोफ्यामागे अंधार करून अतिनील टॉर्च मारला, तेव्हा लाद्यांच्या सांध्यांत फिकट डागांची ओळच दिसली. सूनबाई म्हणाल्या, "आम्ही इथे रोज पुसतोय!"

तुमच्या घरी कारण वेगळं असू शकतं. थोडी-थोडी, वारंवार, जोर लावून, कधी लालसर शू होत असेल तर संसर्ग किंवा खडा बघावा लागतो. जोर लावूनही थेंब येत नसेल, विशेषतः नराला, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. नसबंदी झालेल्या मादीची झोपेत गादी भिजते आणि तिला पत्ताच नसतो, तेव्हा मूत्रमार्गाचा स्नायू सैल झालेला असू शकतो, त्यावर औषध आहे. नसबंदी न झालेली मादी माजानंतर एक-दोन महिन्यांत खूप पाणी प्यायला लागली आणि मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते, उद्यावर ढकलू नका. म्हाताऱ्या कुत्र्याला कधी सांधे दुखतात म्हणून जिना नको असतो, कधी दार कुठल्या बाजूला तेच आठवत नाही.

जाईला सहा आठवडे लागले. पहिले दहा दिवस काका रोज खाली जाऊन हात हलवत परत यायचे, ती काही त्यांच्यासमोर बसायची नाही. अकराव्या दिवशी गेटजवळच्या गुलमोहराखाली ती बसली, मान वळवून त्यांच्याकडे बघत. काकांनी मला तिथूनच फोन लावला. हळू आवाजात बोलत होते, तिनं ऐकलं तर अर्ध्यात उठेल म्हणून.

गेल्या जूनमध्ये खाज परत सुरू झाली. काकू आधी तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. मला नंतर नुसता एक फोटो आला, दुधाच्या वहीचा. नवीन पान, वर तारीख, खाली जाईचं नाव आणि समोर पहिल्या दिवसाचं पाणी.