हेगला खटल्याच्या दिवशी जा

प्रश्न : मी कोल्हापूरची, सध्या नेदरलँड्समधल्या लायडनला एलएलएम करते. वर्गाबरोबर हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय पाहिलं, पण त्या दिवशी सुनावणीच नव्हती. भाषण ऐकलं, फोटो काढले, परतलो. आता एकटीनं पुन्हा जाणार आहे. काय बघू? बाबा म्हणतात, कुलभूषण जाधवांचा खटला तिथंच चालला ना?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आधी बाबांचं. जाधवांचा जन्म सांगलीचा, त्यामुळं १७ जुलै २०१९ चा तो निकाल आपल्याकडं वकिलांच्या बार रूममध्येही चघळला गेला. पण तो पीस पॅलेसमधल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा. तिथं देशाविरुद्ध देश भांडतो. तू पाहिलंस तिथं आरोपी हाडामांसाचा माणूस असतो. दोन्ही कोर्टं एकाच गावात, म्हणून हा घोळ होतो.

आता तुझं. सुनावणीचं वेळापत्रक बघूनच नीघ. काचेआडच्या गॅलरीत हेडफोन लावून बस आणि उलटतपास ऐक. आपल्या सेशन कोर्टात चांगला वकील साक्षीदाराला श्वास घेऊ देत नाही. तिथं प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये पाच सेकंद थांबायचा दंडक आहे, दुभाष्यांसाठी. घाई करून साक्षीदाराला गोंधळवायची सोयच नाही! मग वकील त्याला पेचात पकडतो कसा, ते टिपून घे. हे पुस्तकात सापडायचं नाही.

मध्येच काचेवरचा पडदा खाली येईल, आवाज बंद होईल. साक्षीदाराची ओळख जपायची असते. कंटाळून उठू नकोस. बंद सुनावणी संपली की पडदा वर जातो.

आणखी एक. अभियोग आणि बचाव पक्षाखेरीज पीडितांचे वकीलही तिथं बाजू मांडतात. युगांडाचा बंडखोर कमांडर डॉमिनिक ऑन्गवेन याच्या खटल्यात असे चार हजारांवर पीडित सहभागी होते. आपल्याकडं फिर्यादीचा खासगी वकील सरकारी वकिलाच्या मागं बसून चिठ्ठ्या सरकवतो, तेवढंच. माझ्या मते तुझ्या प्रबंधाला विषय इथंच आहे.

बाबा पुढं विचारतीलच, भारत या फौजदारी न्यायालयाचा सदस्य का नाही? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला त्यात दिलेले अधिकार आपल्याला पटले नाहीत, हे एक मोठं कारण. १९९८ मध्ये रोमला या न्यायालयाच्या स्थापनेच्या करारावर मतदान झालं तेव्हा आपण तटस्थ राहिलो. ते बरोबर की चूक, यावर सुट्टीत आलीस की बापलेकीनं खुशाल भांडा.