परीक्षा पास होते, अर्ज मात्र भरवत नाही

“अजून एक सर्टिफिकेट करतो, मग अर्ज टाकतो.”

टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आणि ऑनलाइन सत्रांमध्ये हे वाक्य गेली काही वर्षं सारखं कानावर पडतंय. बोलणारे बहुतेक चाळिशीच्या आसपासचे असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले, मराठी शाळेत शिकलेले, पुढे इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेले. काही पुण्या-बेंगळूरला स्थायिक, काही कोरोनानंतर गावी परतून घरूनच काम करणारे. हाताखाली माणसं आहेत, कंपनीत शब्दाला वजन आहे. पण आयटी आर्किटेक्ट, म्हणजे संगणक प्रणालींचा आराखडा ठरवणारे, म्हणून व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी अर्ज करायची वेळ आली की पाऊल अडतं. कुणी झोप येत नाही म्हणून येतं, कुणाला ‘हल्ली फार चिडचिड करतात’ म्हणून बायको पाठवते. अर्जाचा विषय दोन-तीन भेटींनंतर, जाता जाता निघतो.

हे लोक परीक्षेला घाबरत नाहीत. टोगाफ, म्हणजे कंपनीच्या संगणक प्रणालींची रचना आखण्याची एक पद्धत, तिची परीक्षा घ्या: पहिल्या भागात ४० प्रश्न आणि ६० मिनिटं, दुसऱ्यात ८ प्रसंग आणि ९० मिनिटं. क्लाउडकडे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरकडे, वळलं तर ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसच्या सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेला ६५ प्रश्न आणि १३० मिनिटं. आमच्या भागातला मुलगा दहावीच्या बोर्डापासून हेच करत आलेला असतो. अभ्यास करायचा, पेपर द्यायचा, मार्क दुसरा कुणीतरी देणार. त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

ओपन ग्रुप ही संस्था टोगाफ चालवते, आणि आर्किटेक्टच्या अनुभवावर दिलं जाणारं एक वेगळं प्रमाणपत्रही तिचंच आहे. ते २००५ मध्ये सुरू झालं, आज ‘ओपन सीए’ (सीए म्हणजे सर्टिफाइड आर्किटेक्ट) म्हणून ओळखलं जातं. सर्टिफाइड, मास्टर आणि डिस्टिंग्विश्ड अशा त्याच्या तीन पायऱ्या आहेत. इथं पेपर नाही आणि पाठांतराला वाव नाही. आपण केलेली कामं स्वतः लिहून मांडायची, त्याला दुजोरा देणारी माणसं द्यायची, आणि मग आधीच प्रमाणित असलेल्या आर्किटेक्टांसमोर मुलाखतीला बसायचं. काय बांधलं गेलं, याच्याइतकंच त्यात तुमचा निर्णय कोणता होता, हे ते बघतात. परीक्षेत पहिल्या नंबरानं येणारी माणसं नेमकी इथं गप्प होतात.

अशा अनेकांपैकी एकीची गोष्ट तिच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि कित्येक महिन्यांच्या बोलण्यातलं मोजकंच इथं घेतलंय.

ती आली ती डोकेदुखीची तक्रार घेऊन. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून ‘ताण आहे’ म्हणून सांगितलं होतं. टोगाफचे दोन्ही भाग झालेले, क्लाउडच्या परीक्षा झालेल्या, आणखी एकीची फी भरलेली. वरिष्ठांनी अर्ज करायला सांगून वर्ष उलटलं होतं. रोज रात्री मुलं झोपली की ती फाइल उघडायची, नाव-पत्ता बघायची आणि बंद करायची.

“काय लिहायचं असतं त्यात?” मी विचारलं.

“मी काय काय केलं ते.”

“मग? काय केलंत?”

“तसं बघायला गेलं तर एकटीनं काहीच नाही केलं, मॅडम. टीम होती की.”

“अर्ज करावा असं वाटतं का?”

“वाटतं. पण आपणच आपली टिमकी कशी वाजवायची? वाचणाऱ्याला वाटेल, ही कोण लागून गेली.”

तिच्या घरात, आणि आमच्या बहुतेक घरांत, चांगलं केलं की गप्प बसायचं आणि दुसऱ्यानं बोलायची वाट बघायची, असंच शिकवलं जातं. त्या संस्कारावर मी बोट ठेवलं नाही. तो वाईट नाही, आणि चाळिशीच्या बाईला तिच्या आईबापांच्या चुका दाखवून अर्ज भरून होत नाही.

त्याआधी मला एक खात्री करून घ्यायची होती. अडलेला प्रत्येक माणूस विनाकारणच अडलेला असतो असं नाही. काही जणांनी खरोखरच दुसऱ्यानं आखून दिलेलं काम केलेलं असतं. त्यांना ‘तुम्ही करू शकता’ म्हणून पाठीवर थाप मारणं म्हणजे त्यांना खड्ड्यात ढकलणं. त्यांना मी सरळ सांगते: अजून दोन वर्षं अशी कामं मागून घ्या जिथं निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल, मग बोलू. हा फरक ओळखायला मी एक प्रश्न विचारते. तिलाही विचारला.

“ते काम बिघडलं असतं तर रात्री दोन वाजता फोन कुणाला आला असता?”

तिनं क्षणभरही विचार केला नाही. “मलाच की.”

“का बरं? टीम होती की.”

ती गप्प झाली. मीही काही बोलले नाही. बिघडल्यावर सगळा दोष आपल्याकडे येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण काम नीट झाल्यावर त्यातला वाटा सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

पुढच्या भेटीत मी लॅपटॉप बाजूला ठेवायला लावला. म्हटलं, काय केलं ते सांगू नका. काय करायला नकार दिला, ते सांगा.

तिनं एका पतसंस्थेचं काम काढलं. बऱ्याच शाखा, सगळा हिशेब एका ठिकाणी आणायचा होता. बाहेरून आलेल्या सल्लागारांचं म्हणणं होतं, सगळं मुख्य सर्व्हरवर ठेवा, शाखेत नुसता पडदा. कागदावर स्वस्त आणि सुटसुटीत. तिनं विरोध केला.

“का?”

“मॅडम, त्यांच्या शाखा जांबोटीकडं होत्या. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आषाढात दोन-दोन दिवस लाइन नसते. बाई दवाखान्यासाठी पैसे काढायला येणार आणि कॅशियर म्हणणार, नेट नाही, परवा या?”

मग ती सुरू झाली. शाखेतच एक छोटी नोंदवही, म्हणजे स्थानिक डेटाबेस, ठेवायचा. लाइन आली की तो मुख्य हिशेबाशी जुळवून घ्यायचा. पण त्यात मोठी गोम होती. लाइन नसताना एकाच खात्यातून दोन शाखांत पैसे काढले तर? शिल्लक पाच हजार आणि उचल दहा हजारांची. सल्लागारांनी याच मुद्द्यावर तिची सूचना मोडीत काढायला घेतली होती. तिनं तोड काढली: लाइन नसताना भरणा कुठल्याही शाखेत चालेल, पण उचल फक्त खातं जिथं आहे त्याच शाखेत, आणि तीही मर्यादेपर्यंत. ती मर्यादा किती, हे ठरवायला ती स्वतः शाखांत जाऊन कॅशियरांशी बोलली, पावसाळ्यात लोक साधारण किती काढतात हे विचारलं. थोडा धोका उरतोच, हे तिनं संचालकांना लेखी दिलं. तो पत्करायचा की नाही, हे त्यांनी ठरवावं म्हणून.

मी मध्ये एक शब्द बोलले नाही. घड्याळाकडे तिचं लक्ष नव्हतं. टेबलावरच्या माझ्या पॅडवर तिनं शाखांचे चौकोन काढले होते, बाण काढले होते, एक बाण खोडून वर फुली मारली होती. त्या फुलीवर बोट ठेवून मी विचारलं, “ही कुणी मारली?”

“मी.”

“टीमनं नाही?”

तिनं पॅड स्वतःकडे ओढून घेतलं आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिली. “या फुलीसाठी मी तीन आठवडे भांडले होते,” ती म्हणाली. “हे अर्जात लिहायचं असतं?”

“तुमच्या अर्जाच्या सूचना काय म्हणतात?”

तिनं फोनवर शोधून वाचलं. कोणते पर्याय तपासले, कोणता का सोडला, कुणाकुणाचं हित जपायचं होतं, हेच त्यात विचारलं होतं. तिनं ते आधी वीसदा तरी वाचलेलं असणार. प्रश्न आपल्याला उद्देशून आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं.

इतक्या वर्षांच्या कामात मला जे उमगलं त्यातलं हे मी सर्वांत मोलाचं मानते. तयार झालेल्या कामाचं श्रेय वाटून घेता येतं, पण सोडून दिलेला पर्याय फक्त त्यालाच तपशीलवार आठवतो ज्यानं तो सोडण्याची जबाबदारी घेतली. नुसता बाजूला बसलेला माणूस त्याबद्दल दोन वाक्यांपुढे बोलू शकत नाही. म्हणून मी आता प्रत्येक अडलेल्या अर्जदाराला तिथूनच बोलतं करते, आणि ही वाट मला अजून दगा देत नाही.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार मी माझ्या कामाचा पाया मानते. ‘हे मला जमेल’ हा विश्वास सर्वांत भक्कमपणे येतो तो स्वतः पार पाडलेल्या कामातून. दुसऱ्याच्या शाबासकीचा जोर त्यामानानं कमी. म्हणून मी तिला ‘तुम्ही हुशार आहात’ असं एकदाही म्हटलं नाही. ते तिला तिच्या वरिष्ठांनी, नवऱ्यानं, सासूबाईंनीसुद्धा सांगून झालं होतं. तिला हवी होती ती खोडलेल्या बाणासारखी, डोळ्यांनी दिसणारी साक्ष.

पुढची अडचण भाषेची. “मराठी मीडियमची आहे, मॅडम. इंग्रजीत ईमेल लिहिते, पण इतकी पानं स्वतःबद्दल?” हेही मी नेहमी ऐकते. तिला सांगितलं, आधी मराठीत बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. जसं मला सांगितलंत तसंच. मग ऐकत ऐकत इंग्रजीत उतरवा. साधी, छोटी वाक्यं. वाचणारे आर्किटेक्ट आहेत, त्यांना अलंकार नकोत.

ते रेकॉर्डिंग मी तिच्यासोबत ऐकलं. त्यात ती कॅशियरांशी झालेलं बोलणं कन्नडमध्ये सांगत होती, संचालकांचं मराठीत आणि सल्लागारांचं इंग्रजीत. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, आपण शनिवार खुटावर भाजी घेतानाही तेच करतो म्हणाली. पण वेगवेगळ्या लोकांना त्यांना कळेल अशा पद्धतीनं एकच तांत्रिक गोष्ट पटवून देणं हे आर्किटेक्टकडून अपेक्षित असलेलं कौशल्यच आहे. ज्या सीमाभागामुळे आपली इंग्रजी कच्ची राहिली म्हणून ती आयुष्यभर ओशाळत आली, त्याच भागानं तिला हे फुकटात दिलं होतं. अर्जात त्याचा एक आख्खा परिच्छेद झाला, आणि माझ्या मते तो सगळ्यात चांगला आहे.

टीमचा प्रश्न शेवटपर्यंत तिला टोचत राहिला. त्यावर आम्ही एक रीत बसवली. प्रत्येक कामाखाली तिनं आधी इतरांचं लिहायचं: डेटाबेसची जुळणी एका सहकाऱ्यानं केली, चाचण्या दुसरीनं बघितल्या. नावं नकोत, भूमिका पुरे. संस्थेची गुप्त माहितीही झाकायची. इतरांचं मनापासून मांडून झालं की जे उरतं ते आपलं, आणि ते लिहिताना हात कापत नाही. खोटं बोलल्यासारखं वाटणं तिथं थांबलं. डोकेदुखी कधी थांबली हे तिला नीट सांगता आलं नाही.

ज्यांचा अर्ज असाच पडून आहे त्यांना माझं सांगणं आहे की पुढच्या परीक्षेची फी भरण्याआधी दुजोरा देणाऱ्या माणसाला फोन करा. जुने वरिष्ठ, जुना ग्राहक, जो तेव्हा समोर होता. त्यांना विचारा, “त्या कामात मी कोणता निर्णय घेतला असं तुम्हाला आठवतं?” बहुतेकांना पलीकडून असं काही ऐकायला मिळतं जे त्यांनी स्वतःच्या यादीत धरलेलंच नसतं. घरच्यांना कळवून ठेवा की आठवड्यातल्या अमुक दोन संध्याकाळी तुम्ही या कामाला बसणार. रात्री सगळं आवरून उरलेल्या वेळात हे होत नाही, विशेषतः बायकांचं. आणि एकच काम पूर्ण लिहा, मगच दुसऱ्याला हात घाला. सगळी कामं थोडी थोडी लिहिणाऱ्यांचे अर्ज मी वर्षानुवर्षं अर्धवट पडलेले बघितलेत.

मुलाखतीचा धसका वेगळा. ती ठरली तिघांशी, प्रत्येकाशी स्वतंत्र, तासाभराची. “तिघांनी तीन बाजूंनी घेरलं तर?” तिनं विचारलं. आम्ही खोलीत सराव केला. मी तंत्रातलं काही विचारू शकत नव्हते, म्हणून तिच्या नवऱ्याला, जो हिंडलग्याच्या पुढं शेती बघतो, समोर बसवलं आणि त्याला हवं ते विचारायला सांगितलं. “लाइन नसताना एखाद्यानं फसवलंच असतं तर?” हा सगळ्यात अवघड प्रश्न त्यानंच काढला. तिनं उत्तर दिलं, धोका किती होता, तो लेखी कुणाला कळवला होता, आणि आज करायचं झालं तर काय वेगळं करेन. जिथं माहीत नाही तिथं ‘तो भाग माझ्याकडे नव्हता’ असं स्वच्छ सांगायचंही ती त्याच दिवशी शिकली.

तिला पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र मिळालं. भरलेल्या फीची ती परीक्षा तिनं दिली नाही.

आणि नाकारलं गेलं तर, असं विचारणाऱ्यांना मी हे सांगते: माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काहींचा अर्ज पहिल्या खेपेला परतही आलाय. कुठल्या बाबतीत पुरावा कमी पडला, हे आधी समजून घ्या. मग तसं काम मागून घ्या, ते झालं की त्याच आठवड्यात लिहून ठेवा, आणि पुन्हा पाठवा.