वय वाढलं की हातपाय नेमके कुठे आहेत ही जाणीव कमी होते का?

हो, होते. आणि हातांपेक्षा पायांत जास्त. तुम्ही लिहिलंय की आई ७२ वर्षांच्या आहेत, घरात व्यवस्थित चालतात, डोळे-गुडघे तपासून झालेत, तरी दादरच्या पुलावरून उतरताना आणि रात्री बाथरूमला जाताना चाचपडतात. मी गिरगाव-लालबागमध्ये घरी जाऊन फिजिओथेरपी देते, तिथे ही तक्रार नेहमीची. पुलावर आणि रात्रीच्या अंधारात, दोन्हीकडे आईंना स्वतःची पावलं दिसत नाहीत. गर्दीच्या जिन्यावर समोरच्याची पाठ दिसते, पायरी नाही.

डोळे मिटूनही गुडघा किती वाकलाय हे कळतं ते मुख्यतः स्नायूंतल्या स्पिंडल नावाच्या बारीक संवेदकांमुळे. स्नायू किती ताणला आणि किती वेगाने, हे ते मेंदूला कळवत असतात. १९७२ मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज या संशोधकांनी दंडाच्या स्नायूच्या टोकाला कंपन दिलं, तर डोळे बांधलेल्या माणसांना हात आहे त्याहून सरळ झाल्यासारखा वाटला; कंपनाने स्पिंडल चाळवले आणि मेंदूला वाटलं, स्नायू ताणला गेलाय. वयानुसार या स्पिंडलचं आवरण जाड होतं, आतले तंतू घटतात, निरोप नेणारे मज्जातंतू मंदावतात. पायाकडचे मज्जातंतू सगळ्यात लांब, म्हणून फरक आधी घोट्याखाली. मग मेंदू डोळ्यांवर भिस्त टाकतो. दिवे गेले की पंचाईत.

घरी एक करून बघा. आईंना पडून डोळे मिटायला सांगा. पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरा. वरून-खालून धरलात तर बोटाच्या दाबावरूनच त्यांना उत्तर कळेल. मग किंचित वर किंवा खाली करून विचारा, कुठे गेला? क्रम बदलत राहा, नाहीतर त्या अंदाजाने सांगतील. (आमच्या आज्या यात भारी हुशार असतात.) वारंवार चुकलं किंवा एकाच पायाचं चुकलं, तर न्यूरोलॉजिस्टकडे जा.

“वय झालंय” एवढ्यावर सोडू नका, हे मात्र आग्रहाने सांगते. मधुमेह आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही हेच होतं, आणि बी-१२ वेळेत भरून काढलं तर पुष्कळदा सुधारतं. आई शाकाहारी असतील किंवा बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असतील तर बी-१२ची तपासणी आधी करा.

तोल सांभाळण्याच्या व्यायामांनी पडण्याचा धोका कमी होतो, त्याबद्दल शंका नको. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, टाच-चवडा जोडून चालणं, कुणीतरी शेजारी असताना. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा ठेवा. जाड, मऊ तळव्याच्या चपला आरामदायी वाटतात, पण त्यांत पाऊल कसं टेकलंय ते नीट कळत नाही. पातळ, टणक तळ आणि मागे पट्टा असलेल्या घ्या.

काठीला त्या नाही म्हणतात, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, भार टाकायचाच असं नाही. भिंतीला बोट नुसतं टेकवलं तरी उभ्या माणसाचं डोलणं कमी होतं, कारण बोटाची त्वचा मेंदूला शरीर कुठे कलतंय ते सांगते. काठीचंही तेच. पुलावर एका हातात ती, दुसरा हात कठड्यावर, आणि संध्याकाळी सहाची गर्दी टाळून दुपारी निघायचं.